वीतभर

आठवडाभर रोज रात्री
आमच्या हायड्रोजनवर कुणीतरी टिचकी मारत होतं,
दर सव्वा सेकंदाला एक.
चौसष्ट थाळ्या माना वर करून बसलेल्या
आणि पडद्यावर नुसते उभे पांढरे ओरखडे.

मी निघाले. गाडी डिझेलची,
कारण पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते,
आणि कारूच्या या माळावर ठिणगी लपत नाही.
फाटकामागून फाटक. अकरा.
उतरायचं, उघडायचं, गाडी काढायची, परत लावायचं;
मेंढरांच्या मुलखातला एवढा एकच कायदा
सगळे पाळतात.

हातातला एरियल थांबला
सिएना फोलमिंकच्या कुंपणाशी.
कोल्ह्यांसाठी सोडलेली विजेची तार
आणि खांबावरची चिनी मातीची चिमणी तडकलेली.
तेवढ्या फटीतून वीज लाकूड चाटत होती:
टिच्. टिच्.

आंटी सिएना मला लहानपणापासून ओळखते.
माझा बाप तिच्याकडे मेंढरं कातरायचा.
"जेरोलीन," ती म्हणाली, "मोबाइल नेलात. आता तार?"
नवी चिमणी केपटाऊनहून येईल, मी म्हटलं,
तोवर रात्रीची बंद ठेवाल का?
"तोवर म्हणजे?"
तीन आठवडे.
ती गप्प राहिली. कोकरं पडायच्या दिवसांत
तीन आठवडे केवढे असतात
हे कातरणाऱ्याच्या पोरीला काय सांगायचं.

मग म्हणाली, कशासाठी ते तरी सांग.

सांगितलं, जमेल तसं.
हायड्रोजनचा एक अणू
कोटभर वर्षं हलत नाही, बोलत नाही.
मग एकदाच कूस बदलतो
आणि एक लाट सुटते त्यातून, एवढी.
मी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली.
तिनं आपली वीत माझ्या वितीला लावली.
तिची बोटभर मोठी भरली.
"मग माझी चुकली म्हणायची."
नाही आंटी. इतक्या लांबून येताना
लाटसुद्धा ताणत जाते.
निघते ती माझ्या वितीची,
पोचते तेव्हा तुमच्या.

ती हसली नाही. हात एप्रनला पुसला
आणि खटका खाली ओढला.

त्या रात्री ओरखडे गेले.
साध्या दुर्बिणीत ही दीर्घिका
उजेडाचा एक पुसट डाग, बस्स.
आमच्याकडे मात्र ती पसरतच गेली,
ताऱ्यांच्या पलीकडे, वायूच्या काळोख्या घेरात,
आणि एका अंगानं तर
तिचा वायू लांबच लांब ओढला गेलेला,
शेजारच्या कुणाकडे तरी.
नाव नाही तिला. नुसते आकडे.
मी पहाटेपर्यंत चहा प्यायचा विसरले.

एकोणीस रात्री. चार कोकरं.
आकडा तिनंच सांगितला,
पाऊस किती मिलिमीटर झाला सांगावं तसा.

नकाशा छापून नेला होता. लाजच वाटत होती द्यायला.
तिनं चष्मा लावला, कागद खिडकीशी धरला.
"लोकर ओढलीय हिची कुणीतरी," म्हणाली,
"आणि हात नवशिका.
तुझ्या बापानं अशी नसती कातरली."
मग बराच वेळ त्या शेपटावर बोट फिरवत राहिली.
"आज अशी दिसते ही?"
आज नाही. ऐंशी कोटी वर्षांपूर्वी.
"मग एवढी घाई कसली होती?"

कॉफी निवली होती. मी ती तशीच संपवली.

नवी चिमणी बसवली. तिनं खटका वर केला,
बांधावरच्या झुडपाची एक ओली काडी मोडली
आणि तिचं टोक तारेला टेकवलं.
मनगट जरासं उडालं.
"आहे," ती म्हणाली.
मी कानाला हेडफोन दाबून
एरियल इकडून तिकडे फिरवला.
"नाही," मी म्हटलं.

परतीची पहिली तीन फाटकं
तिनंच गाडीपुढे चालत जाऊन उघडली.